मोहरीची खोडकुज : बुरशीची भूक आणि बुरशीचं आम्ल

(दृश्य : ग्वाल्हेरजवळचं शेत, जानेवारीतलं धुकं.)

बाजारात हिला सरसों म्हणतात, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत मोहरीच. शेत ऐन फुलावर आहे आणि मधलीच काही झाडं पांढुरकी पडून माना टाकतायत. हे एक खोड उभं चिरलंय. गाभा गेला. त्या जागी कापसासारखी बुरशी, आणि तिच्यात उंदराच्या लेंड्यांसारखे टणक काळे दाणे. ही स्क्लेरोटिनिया. हे दाणे मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. थंडी आणि ओल मिळाली की त्यांतून इवल्याशा बशा उगवतात आणि बीजाणू हवेत उडतात.

बीजाणूला धडधाकट हिरव्या पानात सहसा थेट शिरता येत नाही. त्याला आधी शिदोरी लागते. पानाच्या बेचक्यात चिकटलेली ही ओली, गळून पडलेली पाकळी बघा. तिच्यावर पोसला की मग तो झाडाकडे वळतो. रोगाची सुरुवातच खाण्यापचवण्यातून होते.

पचवण्याच्या याच साखळीत ऑक्झॅलोअॅसिटेट नावाचा रेणू असतो. एक विकर (एन्झाइम) तो तोडतं. एका तुकड्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं, दुसऱ्याचं अॅसिटिक. ऑक्झॅलिक आम्ल बुरशी बाहेर सोडते. ते पेशीची भिंत सांधून धरणाऱ्या पेक्टिनमधलं कॅल्शियम ओढून घेतं, पेशीची भिंत सैल पडते. भोवताल आंबट झाला की पेक्टिन कापणारी विकरंही जोमानं कामाला लागतात.

१९९०मध्ये अतिनील किरणांनी घडवलेले, हे आम्ल न बनवणारे बुरशीचे प्रकार रोग करू शकले नाहीत. आम्ल हेच हत्यार, असं मानलं गेलं. पण असे किरण एकाच जनुकावर नेम धरत नाहीत. २०१५मध्ये नेमकं त्या विकराचंच जनुक काढलं, तरी काही झाडांवर रोग झालाच. तिथे आंबटपणा फ्युमॅरिक आम्लातून आला होता.

म्हणून जनुक काढलेली बुरशी रोग करते का, याची चाचणी चोख हवी. आधी बटाटा-डेक्स्ट्रोज अगारमध्ये, म्हणजे बुरशी वाढवायच्या साखरयुक्त माध्यमात, लिटरला ५० मिलिग्रॅम ब्रोमोफेनॉल ब्लू हा आम्लात रंग बदलणारा रंग घालायचा आणि बुरशी २० ते २२ अंशांवर वाढवायची. आम्ल सुटेल तिथे जांभळं माध्यम पिवळं पडतं. मग दोन दिवसांच्या वाढीच्या कडेवरून ५ मिलिमीटरची चकती काढून तोडलेल्या पानावर उपडी ठेवायची. डब्यात ओला टिपकागद, झाकण घट्ट. २४ आणि ४८ तासांनी डाग मोजायचा.

हमखास चूक होते ती इथेच. चकतीसोबत माध्यमातली साखरही पानावर जाते. जनुक गमावलेली बुरशी त्या साखरेवर तगते आणि तिचा उणेपणा झाकला जातो. म्हणून साखर नसलेल्या अगारवरची चकतीही शेजारी लावून बघावी. दुसरी अडचण बुरशीच्या तंतूंची. त्यांच्या एकेका पेशीत अनेक केंद्रकं असतात, काहींत जुनं जनुक शाबूत राहतं. तंतूची टोकं पुन्हापुन्हा वेगळी काढून तपासल्याशिवाय ‘जनुक गेलं’ असं म्हणू नये. आणि साध्या माध्यमावरची वाढच मंदावली असेल, तर लहान डागाचा अर्थ रोगक्षमता गेली असा लावता येत नाही. बुरशी नुसती अशक्त असू शकते.

(दृश्य : तीन बशा शेजारी शेजारी.)

डावीकडे मूळ बुरशी : पिवळं कडं. मधे जनुक काढलेली : माध्यम जांभळंच. उजवीकडे तेच जनुक परत बसवलेली, आणि तिच्याभोवती पिवळं कडं पुन्हा उमटतंय. आता याच तिघींच्या चकत्या एकाच झाडाच्या पानांवर जातील.