परातीतली वाफ

(दृश्य: उकळतं पाणी, त्यावर पोह्यांची परात. मागे कॉफीच्या मशीनचा फुसफुस आवाज.)

रविवार, सकाळचे साडेनऊ. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या या गल्लीत दूधवाला येऊन गेलाय, पेपर अजून दाराशीच पडलेत. बहुतेक घरं झोपलेली. कोपऱ्यावरच्या कॅफेत मात्र चार टेबलं भरली आहेत.

काउंटरवर कॉफीचं मशीन, आणि त्याच्या शेजारी पाण्याच्या मोठ्या पातेल्यावर बसवलेली परात. तिच्यात पिवळेधमक पोहे. या परातीकडे नीट बघा. इथली रविवारची सकाळ दुपारपर्यंत लांबते, ती हिच्यामुळे.

आपल्या घरचे कांदेपोहे आठवा. मोहरी तडतडते, कांदा परतला जातो, भिजवलेले पोहे पडतात, झाकणाखाली एक वाफ येते आणि आई हाक मारते, "गरम आहेत तोवर या रे!" त्या हाकेत घाई असते. थोड्या वेळात पोहे कोरडे पडतात, मग घशाशी अडकतात. उशिरा उठणाऱ्याच्या वाट्याला गारच येतात.

इंदुरी पोह्यांची रीत निराळी. तेल बेताचं. फोडणीत मोहरीबरोबर बडीशेप, हळद, हिरवी मिरची, चवीला साखर. कांदा परतायचाच नाही, तो वरून कच्चा. आणि पोहे परातीत गेले की खालून वाफ सुरूच. म्हणून आठला फिरून येणाऱ्या आजोबांना जे मऊ पोहे मिळतात, तेच साडेअकराला डोळे चोळत आलेल्या नातवाला मिळतात.

बाहेरच्या फळ्यावर खडूने 'ब्रंच' लिहिलंय. खाली ऑम्लेट, ग्रिल्ड सँडविच, कोल्ड कॉफी. ते सगळं मागवलं जातं, चांगलंही असतं. पण माणसं बसून राहतात ती पोह्यांपाशी.

"भिया, दो पोहे लगा दो, जीरावन तेज!" ऑर्डर हिंदीत. टेबलाकडे वळलं की, "आजी, तुम्हाला डाळिंबाचे दाणे चालतील ना?" 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. चाकरीनिमित्त आलेली मराठी घरं इथलीच झाली. दोनशे वर्षांत त्यांच्या बोलण्यात माळवा मुरला, तसा ताटातही.

(दृश्य: प्लेट भरणारे हात, जवळून.)

पोह्यांवर शेव, कांदा, कोथिंबीर, आणि सगळ्यात शेवटी जीरावन. जिरं, धणे, बडीशेप, लवंग, दालचिनी, काळं मीठ, आमचूर यांची ही पूड भुरभुरली की वाफेबरोबर तिचा वास वर येतो. लिंबाची फोड हातात असली तरी ती लगेच पिळू नये, असं मला मनापासून वाटतं. पहिल्या दोन घासांत आमचुराचा आंबटपणा कळू द्यावा. लिंबू आधी पडलं तर तो बुडून जातो.

सोबत जलेबी. पुण्याहून आलेले पाहुणे तिला जिलबी म्हणतात आणि गोड म्हणून शेवटी ठेवतात. इथे एक घास पोह्यांचा, एक तुकडा जलेबीचा. तिखट, गोड, पुन्हा तिखट. तसंच खाऊन बघा.

एकादशीला शेजारी दुसरं पातेलं चढतं, साबुदाण्याच्या खिचडीचं. घरी ती तुपावर परतलेली. इथे तीही वाफेवरच, आणि वरून बटाट्याचा चिवडा. थंडीत तळलेला गराडू नावाचा कंद येतो, त्यावरही जीरावनच.

साडेअकराला खरोखरच दुसरी पिढी उगवते. सकाळी एकट्याने पेपर वाचून गेलेले एक आजोबा आता सगळ्या घराला घेऊन परत आलेत. टेबलं जोडली जातात. कुणाची बारावीची परीक्षा, कुणाचा पुण्यातला फ्लॅट, गणपतीची वर्गणी. मालक उठायला सांगत नाहीत. फक्त मधेच पातेल्यात पाणी वाढवतात, कारण पाणी आटलं तर पोहे गेले.

(दृश्य: घड्याळ, सव्वाबारा. परात जवळजवळ रिकामी.)

उलथन्याने कडा खरवडून एक प्लेट भरली जाते. दारात एक मुलगी, केस बांधत.

"काका, संपले?"

"एक प्लेट आहे, बेटा. बैस."

ती बसते. काका प्लेटीवर शेव घालतात, जीरावन भुरभुरतात, आणि मग गॅस बंद करतात.