तारांगणात बसलात की एकदा मान मागे वळवा

नमस्कार मंडळी!

तारांगणात शेवटचे कधी गेला होतात? शाळेच्या सहलीत ना? मग पुन्हा जा, आणि ग्रहांवर गेलेल्या यानांचा शो लागला असेल तर तोच बघा. का, ते सांगतो.

वरळीचं नेहरू तारांगण सुरू झालं मार्च १९७७ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन्ही व्हॉयेजर यानं पृथ्वीवरून निघाली. म्हणजे ते तारांगण उघडलं तेव्हा नेपच्यून जवळून कसा दिसतो हे जगात कुणालाच माहीत नव्हतं! व्हॉयेजर २ तिथे पोचलं १९८९ साली. त्यानंतर आजवर दुसरं कुठलंही यान तिकडे फिरकलेलं नाही.

पण माझा जीव खरा अडकतो तो मंगळावर.

रोव्हर म्हणजे तिथे फिरणारी, माणूस नसलेली चाकांची गाडी. तिचा कॅमेरा एका खांबावर असतो, साधारण आपल्या डोळ्यांच्या उंचीला. तो गोल फिरत एकेक छोटा फोटो काढतो, आणि ते फोटो शेजारी-शेजारी जोडून चौफेर देखावा तयार होतो. फोनवर तो बघितला तर नुसती लांबलचक पट्टी. घुमटावर मात्र तीच पट्टी परत गोल होते, आणि मधोमध कोण? तुम्ही! रोव्हर जिथे उभा होता, नेमके तिथे.

आता तिथूनच स्पिरिट नावाच्या नासाच्या रोव्हरची गोष्ट ऐका. जानेवारी २००४ मध्ये तो गुसेव्ह विवरात उतरला. काम ठरलं होतं ९० मंगळदिवसांचं. मार्च २००६ मध्ये त्याच्या सहा चाकांपैकी पुढचं उजवं चाक कायमचं बंद पडलं. दुरुस्तीला जाणार कोण? साधा निरोप पोचायलाही अंतरानुसार ३ ते २२ मिनिटं लागतात. मग इंजिनिअरांनी काय केलं, तर त्याला उलटा चालवायला सुरुवात केली. बॅगेचं चाक अडकलं की आपण ती फिरवून ओढतो ना, अगदी तसं. मेलेलं चाक मागून फरफटत यायचं, आणि नांगराचा तास पडावा तशी मातीत चर पडायची.

[पडद्यावर: स्पिरिटच्या चाकांचे माग]

२००७ मध्ये त्या चरीतून तांबड्या मातीखालची पांढरीफटक माती वर आली. उपकरणांनी तपासली, तर जवळजवळ ९० टक्के सिलिका, म्हणजे वाळूत आणि काचेत असतो तो पदार्थ! इतकी शुद्ध सिलिका साठायला गरम पाणी किंवा ज्वालामुखीची वाफ लागते. म्हणजे आज कोरड्या ठणठणीत असलेल्या त्या जागी कधीकाळी ऊब होती, ओल होती. सूक्ष्मजीवांना जगता येईल अशी जागा. धडधाकट चाक असतं तर ते वरून निघून गेलं असतं, आणि खालचं खालीच राहिलं असतं. मला हे सांगताना आजही अंगावर काटा येतो.

शुक्रावर इतकी सवड मिळतच नाही. १ मार्च १९८२ ला सोव्हिएत व्हेनेरा १३ तिथे उतरलं. तापमान ४५७ अंश सेल्सिअस. ३२ मिनिटं तग धरावी एवढीच अपेक्षा होती, ते १२७ मिनिटं बोलत राहिलं. त्याचा फोटो आला तर नीट बघा: चपटे दगड, यानाच्या कडेचे करवतीसारखे दात आणि तिथेच खाली पडलेलं कॅमेऱ्याचं झाकण.

स्पिरिट २००९ मध्ये भुसभुशीत मातीत रुतला. मार्च २०१० नंतर त्याच्याकडून काहीच आलं नाही.

शोला गेलात तर जागा मधल्या रांगांमध्ये धरा. मंगळ आला की सगळे समोरच्या टेकड्यांकडे बघत बसतात. तुम्ही खुर्चीत वळा आणि मागे बघा. तिथे चाकांचे माग दिसतील. देखावा २००६ नंतरच्या स्पिरिटचा असेल तर त्यातला एक माग बाकीच्यांपेक्षा खोल असेल. तीच ती चर.