जुना पीसी, नवी डिस्क: घरचा फाइल सर्व्हर

(पडद्यावर: टेबलावर जुना डेस्कटॉप, बाजूचं झाकण काढलेलं.)

दहा-बारा वर्षांचा हा डेस्कटॉप आजच्या ब्राउझरपुढे दमतो. फाइल सर्व्हरचं काम मात्र त्याच्या आवाक्यातलं आहे: डिस्कवरची फाइल उचलायची आणि नेटवर्कवर पाठवायची. त्यासाठी ६४-बिटचा ड्युअल कोअर प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम पुरते. ३२-बिट मशीनच्या वाटेला मात्र जाऊ नका. डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीत त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच उरलेला नाही.

प्रोसेसर सहसा वयानं जात नाही. आधी थकतात ते पंखे, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि हार्ड डिस्क. म्हणून आमचं मत सरळ आहे. बोर्ड, प्रोसेसर, रॅम जुनी चालेल. डेटा ठेवायची डिस्क जुनी नको.

सुरुवात धुळीपासून. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगानं फिरतं आणि बेअरिंग खराब होतं. मग बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे छोटे उभे डबे, बघा. माथा सपाट हवा. फुगलेला दिसला, किंवा बुडाशी तपकिरी डाग दिसला, तर तो बोर्ड बाद.

(जवळून: बोर्डावरचा गोल सेल, मल्टिमीटरची टोकं.)

हा सीआर२०३२ सेल. मीटरवर ३ व्होल्टच्या आसपास यायला हवं. सेल संपलेला असेल, तर वीज गेली की मशीनची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग वेबसाइटची सर्टिफिकेट अवैध ठरतात, अपडेट अडतात, बॅकअपचं वेळापत्रक कोलमडतं. शिवाय वीज परतल्यावर आपोआप चालू होण्याची, मशीन सुरू करणाऱ्या बायोसमधली सेटिंगही पुसली जाते, आणि सर्व्हरला नेमकी तीच लागते. सेल लगेच बदलून टाका.

रॅमची परीक्षा रात्रभर चालू द्या. मेमटेस्ट८६ प्लस पेन ड्राइव्हवरून सुरू होतं. सकाळी एक जरी चूक दिसली, तरी एकेक काडी काढून दोषी कोण ते शोधा. खराब रॅम फाइल लिहितानाच बिघडवते आणि कुठलाही इशारा येत नाही.

एसएमपीएस जुना असेल तर आमचा सल्ला तो बदलण्याचाच. आणि त्यात डिस्कला वीज देणारी साटाची टोकं कमी पडली म्हणून जुन्या चार पिनांच्या मोलेक्स टोकाला जोडायची स्वस्त, ओतीव प्लास्टिकची केबल वापरू नका. तिच्या आतल्या तारा सरकून एकमेकींना टेकतात, आणि टोक अक्षरशः जळतं.

(पडद्यावर: स्मार्ट चाचणीचा तक्ता.)

डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, ती म्हणजे स्मार्ट. ती वाचताना चार ओळी पुरतात. ५ क्रमांक म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट बघणारे. १९८ म्हणजे दुरुस्त न झालेले. या तिन्हींपुढे शून्य हवं. १९७ वाढत असेल तर डिस्कवरचं सगळं आजच दुसरीकडे हलवा. १९९ वेगळा आहे. तो बहुतेक वेळा केबलचा दोष असतो, म्हणून डिस्क फेकण्याआधी तिला बोर्डाशी जोडणारी साटा केबल बदलून बघा. नव्या डिस्कचीही स्मार्टची लांब चाचणी करून मगच तिच्यावर डेटा टाका. २ टीबीहून मोठी डिस्क असेल तर विभाजन जीपीटी पद्धतीचं करा. जुन्या एमबीआर पद्धतीत त्यापुढची जागा वापरता येत नाही.

सिस्टिमसाठी छोटी एसएसडी वेगळी ठेवा. डेबियनवर चालणारं ओपनमीडियाव्हॉल्ट हे फाइल सर्व्हरचं सॉफ्टवेअर घरासाठी उत्तम. इन्स्टॉल करताना डेटाच्या डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे चुकून तीच फॉरमॅट होणार नाही. पुढचं काम दुसऱ्या मशीनच्या ब्राउझरमधून होतं: पहिल्यांदा आत गेल्यावर आधीपासून असलेला ठरावीक पासवर्ड बदला, फोल्डर शेअर करा, सांबा (शेअर केलेले फोल्डर विंडोजसारख्या मशीनना दाखवणारी सेवा) सुरू करा, घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं द्या. राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता राखून ठेवा, म्हणजे तो बदलणार नाही. एखादं जुनं उपकरण एसएमबी १, म्हणजे फाइल शेअर करण्याची जुनी पद्धत, मागेल. देऊ नका. २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला तो त्यातल्याच त्रुटीतून.

फाइल सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नसेल, तर जोडणी १०० मेगाबिटवर अडकली आहे. गिगाबिटला हाच आकडा ११०च्या आसपास हवा. त्यासाठी लॅन केबलच्या आठही तारा शाबूत लागतात. एक तुटली की वेग मुकाट्यानं उतरतो. वायफायवर सर्व्हर ठेवू नका.

विजेचा हिशेब आधीच करा. स्वस्त पडेल म्हणून केलेली गोष्ट इथेच महाग पडते. ६० वॉट खाणारा डेस्कटॉप चोवीस तास चालला तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट. १५ वॉटचा लॅपटॉप सुमारे १३१. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल आणि बोर्डावर डिस्प्लेची सोय असेल, तर कार्ड काढून टाका. लॅपटॉप निवडला तर बॅटरी आधी तपासा. टचपॅड वर उचललेला दिसला, तर बॅटरी फुगली आहे. तशी ती चोवीस तास चार्जिंगला ठेवणं धोक्याचं.

सर्व्हर घराबाहेरून वापरायचा असेल तर वायरगार्ड हे व्हीपीएन लावा, फाइल शेअरिंगचं ४४५ पोर्ट राउटरवर उघडू नका.

दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा) लावल्या म्हणजे बॅकअप झाला, असं नव्हे. एकीवरची फाइल चुकून उडवली तर ती त्याच क्षणी दुसरीवरूनही जाते. तिसरी यूएसबी डिस्क ठेवा, कॉपी झाली की केबल काढा. आणि अधूनमधून त्या डिस्कवरचा एखादा फोल्डर दुसऱ्या मशीनवर उतरवून, त्यातल्या फाइली उघडून बघा.