स्वतःच्या खिशातले १५०० डॉलर

नमस्कार मंडळी. टीव्हीवर न्यूज डॉक्युमेंट्री संपली की नावं सर्रकन वर पळतात बघा, त्यात प्रोड्यूसरचं नाव असतं आणि ते वाचायला कोणी थांबत नाही. आज अशाच एका नावाबद्दल बोलूया, फ्रेड फ्रेंडली. अमेरिकन माणूस, जन्म १९१५, सुरुवात १९३७ मध्ये रेडिओवर, म्हणजे आमच्याच बिरादरीतला हं! १९५१ साली पत्रकार एडवर्ड मर्रोबरोबर त्याने सीबीएस या अमेरिकन चॅनेलवर 'सी इट नाऊ' हा न्यूज डॉक्युमेंट्रीचा कार्यक्रम सुरू केला. चेहरा मर्रोचा, आणि कॅमेरा कुठे पाठवायचा, काय कापायचं, काय ठेवायचं ही सगळी जुळवाजुळव फ्रेंडलीची.

आता मला जो किस्सा सांगायचाय तो १९५३ चा. मर्रोच्या वाचनात पेपरमधली एक बातमी आली. मिशिगनमधल्या डेक्स्टर गावचा मायलो राडुलोविच, हवाई दलाच्या राखीव दलात लेफ्टनंट, त्याला काढायला निघालेले. का? तर वडील आणि बहीण डाव्या, म्हणजे कम्युनिस्ट विचारांचे असल्याचा संशय. त्याच्या स्वतःच्या निष्ठेवर कोणाचाच आक्षेप नाही, फक्त घरच्यांशी संबंध तोड म्हणे. तो म्हणाला, नाही तोडणार. सुनावणीत पुरावा काय, तर एक बंद पाकीट. बरं, ते ना त्याला उघडून दाखवलं ना त्याच्या वकिलाला. बंद पाकीट!

मग डेक्स्टरला रिपोर्टर गेला, कॅमेरामन गेला, गावकरी बोलले. वडील सर्बियातून आलेले, आयुष्यभर कोळशाच्या खाणीत आणि मोटारींच्या कारखान्यात राबलेले, त्यांनी राष्ट्राध्यक्षांना लिहिलेलं पत्र फिल्ममध्ये आहे, की मला स्वतःसाठी काही नको, पोराला न्याय द्या. (हल्ली असल्या प्रसंगाखाली लगेच व्हायोलिन वाजायला लागतं, मला तर चिडच येते, अरे माणूस बोलतोय ना, ऐकू द्या की!)

फिल्म तयार झाली, पण चॅनेल जाहिरातीला पैसे देईना. मग मर्रो आणि फ्रेंडली, या दोघांनी स्वतःच्या खिशातून १५०० डॉलर काढले आणि न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहिरात दिली. परत सांगतो, १५०० डॉलर, १९५३ साली, स्वतःच्या खिशातून! जाहिरातीत राडुलोविचचं नाव, त्याचा सर्व्हिस नंबर आणि खाली या दोघांच्या सह्या, सीबीएसचा लोगो नाही. २० ऑक्टोबरला कार्यक्रम लागला, आणि नोव्हेंबरमध्ये हवाई दलाच्या सेक्रेटरीने त्याच कार्यक्रमात येऊन सांगितलं, राडुलोविच नोकरीत राहील.

पुढच्याच वर्षी त्यांनी सिनेटर मॅकार्थीवर, म्हणजे ज्याला त्याला कम्युनिस्ट ठरवत सुटलेल्या पुढाऱ्यावर, कार्यक्रम केला, तो सगळ्यांना माहितीच असतो, म्हणून मी त्यात शिरत नाही. १९६० मध्ये शेतमजुरांवरची 'हार्वेस्ट ऑफ शेम' आली. फ्रेंडली चढत चढत सीबीएस न्यूजचा अध्यक्ष झाला, आणि मला विचाराल तर चांगल्या प्रोड्यूसरला केबिनमध्ये बसवणं म्हणजे स्वयंपाक्याला गल्ल्यावर बसवणं.

फेब्रुवारी १९६६ मध्ये सिनेटमध्ये व्हिएतनामवर सुनावणी चालली होती, आणि एके दिवशी माजी राजदूत जॉर्ज केनन बोलणार होते. फ्रेंडलीला ते लाइव्ह दाखवायचं होतं. वरून नकार आला, त्याने राजीनामा दिला. त्या वेळात सीबीएसवर लागला होता 'आय लव्ह लूसी' या विनोदी मालिकेचा एक जुना भाग, पाचव्यांदा रिपीट.