लस कामाला लागेपर्यंत

नमस्कार श्रोतेहो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात पेशंट आणला, आयसीयूत गेला, की घरची माणसं काकुळतीनं विचारतात, "डॉक्टर, इथलं इन्फेक्शन लागू नये म्हणून एखादी लस नाही का?" प्रश्न रास्त आहे. ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, स्युडोमोनास हे दवाखान्यातले जंतू बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद देत नाहीत.

घोडं अडतं ते वेळेवर. लस टोचल्यावर पुरेशा अँटिबॉडीज, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, तयार व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. व्हेंटिलेटरमुळं होणारा न्यूमोनिया 48 तास उलटले की कधीही गाठतो. त्यात क्लेबसिएलाच्या बाहेरच्या आवरणाचेच सत्तरच्या वर प्रकार, लस बनवायची कुठल्या प्रकारावर? स्युडोमोनासची लस व्हेंटिलेटरवरच्या सुमारे 800 पेशंटना देऊन पाहिली, सात दिवसांच्या अंतरानं दोन डोस. अँटिबॉडीज वाढल्या, मृत्यू कमी झाले नाहीत. स्टॅफिलोकोकस या आणखी एका जंतूच्या लसीची हृदयाच्या ऑपरेशनआधीची चाचणी तर 2011 साली थांबवावी लागली, कारण लस घेऊनही ज्यांना ते इन्फेक्शन झालं, त्यांच्यात मृत्यू जास्त दिसले.

2023 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. ॲल्युमिनियमचा क्षार, एक लिपिड म्हणजे स्निग्ध पदार्थ आणि बुरशीच्या पेशीभित्तिकेतला एक घटक, एवढंच त्या लसीत. जंतूचं प्रथिन नाही. ती शरीरातल्या जंतू गिळणाऱ्या पेशींना आधीच जागं करते. 24 तासांत संरक्षण मिळालं, पण उंदरांना. मला यात खरी आशा दिसते, तरी आज ती तुमच्या पेशंटच्या कामाची नाही.

आज कामाचे आहेत ते तुमचे हात. डबा ठेवला, कॉटची दांडी धरली, मोबाईल घेतला आणि त्याच हातानं पेशंटच्या तोंडावरून हात फिरवला, की जंतू पोचले. आत जाताना आणि बाहेर येताना सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळा, अंगठा आणि बोटांची टोकं विसरू नका. हात मळलेले असतील तर साबण-पाणीच, 40 ते 60 सेकंद. लघवीची पिशवी पेशंटच्या कमरेखाली लटकलेली हवी, फरशीला टेकता कामा नये. स्कॅनला नेताना कुणी ती पोटावर ठेवली, तर नळीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते, तिथंच सांगा, "सिस्टर, पिशवी खाली घ्या." आणि "नळी आज काढता येईल का?" हे रोज विचारा.

ठरवून पानथरी, म्हणजे जंतूंशी लढायला मदत करणारी प्लीहा (स्प्लीन), काढायची असेल, तर मात्र लसीला वेळ हातात असतो. न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकस या जंतूंवरच्या लसी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायच्या असतात. तारीख ठरतानाच सर्जनना विचारा.