लाइट गेली म्हणजे तार मेली? कोणी सांगितलं?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत जाता जाता एक वाक्य बोललो होतो, की लाइट गेलेली असली तरी गच्चीशेजारच्या तारांपाशी कामाला लागू नका. त्यावर खाली भांडणंच सुरू झाली! "दादा, करंटच नाही तर शॉक कसा बसेल?" म्हणून आज बसलोय.

साध्या गोष्टी पटापट उरकतो. खांबावरच्या उघड्या तारांना कोटिंग नसतं. काळपट दिसतं ते हवेने. बांबू ओला असला की बांबूतूनही करंट येतो. ॲल्युमिनियमची शिडी, रोलरचा पाइप, बोअरचा पाइप, सळई, फ्लेक्सची लोखंडी फ्रेम या वस्तू उभ्या करण्याआधी मान वर करून बघायचं. डंपरवाले, ट्रॉली वर करण्याआधीही. आणि "पक्षी कसे बसतात" विचारणाऱ्या भावा, त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. तू जमिनीवर आहेस.

आता मुद्द्याचं. मी वायरिंगची कामं घेतो. पुण्यात धायरीला एका गच्चीवर रंगाचं काम चालू होतं, मी खाली मीटरपाशी. लाइट गेली. रंगारी वरून ओरडला, "लाइट गेलीय, तोवर तारेकडची भिंत मारून घेतो." मी "थांब" म्हणेपर्यंत वर फटाका फुटल्यासारखा आवाज. माणूस वाचला, नशीब. रोलरच्या पाइपाचं टोक वितळून गुळाच्या खड्यासारखं झालेलं. तळहातावर डाग छोटासाच, पण करंट बाहेर पडला तिथे पायाचा अंगठा काळा पडला होता.

लाइट तर गेली होती ना? हो, खालची. आपल्या घरात येते ती २३० व्होल्टची, खालच्या तारांतून. बऱ्याच ठिकाणी त्याच खांबावर सगळ्यात वर तीन तारा असतात, त्या ११ नाहीतर २२ हजारांच्या. खालचा फ्यूज गेला, डीपीवरचा, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, डीओ फ्यूज उडाला, की तुमचा पंखा बंद. वरच्या तारांना त्याचा पत्ताही नसतो.

बरं, समजा वरचा फीडरच, म्हणजे सबस्टेशनातून येणारी वरची लाइनच, ट्रिप झाली. मग? सबस्टेशनवाला ती पुन्हा चालू करून बघतो. फांदी घासली असेल, गेली असेल, म्हणून. तुम्ही तिथे पाइप घेऊन उभे आहात हे त्याला स्वप्नात दिसणार आहे का?

आणि तिसरं, हे तर वायरिंगवालेसुद्धा विसरतात. शेजारच्या सोसायटीचा जनरेटर. चेंजओव्हर, म्हणजे जनरेटर चालू असताना बाहेरची लाइन तोडणारा स्विच, नीट बसवलेला नसेल तर तो करंट उलटा तारेत जातो. डीपी दोन्ही बाजूंनी चालते हो! खालून तीन फेजचे ४१५ व्होल्ट घातले की वर हजारांत निघतात. म्हणूनच वायरमन लाइन बंद केल्याचं परमिट घेतल्यावरही तारांना अर्थिंग लावल्याशिवाय, म्हणजे तारा जमिनीला जोडल्याशिवाय, हात लावत नाहीत. ज्यांचा रोजचा धंदा आहे ते लाइट गेली यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि आपण पंखा थांबलेला बघून शिडी लावतो.

एक काका लिहितात, "गुरुवारी तर मेंटेनन्सला दिवसभर बंदच असते, तेव्हा उरकावं." काका, पुणेकर गुरुवार धरूनच जगतो, मान्य. पण काम लवकर संपलं तर अकरा वाजताही लाइन चालू करतात. तुम्हाला विचारून करत नाहीत.

मग काय करायचं? महावितरणच्या आपल्या शाखा कार्यालयात अर्ज देऊन शटडाऊन मागायचा. वायरमनने अर्थिंग लावलेलं डोळ्यांनी बघायचं, तो "चढा" म्हणाला की चढायचं. तो अर्थिंग काढायला आला की आधी आपली माणसं खाली. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो दिवस जातो. जातो. मीही कुरकुरलोय.

गॅलरी पुढे काढणाऱ्यांनीही ऐका: २२ हजारांची तार इमारतीपासून आडवी किमान २ मीटर आणि वरून जात असेल तर ३.७ मीटर लांब हवी, असा नियम आहे. तेवढ्या अंतरात रोलरचा पाइप सहज पोहोचतो, त्यामुळे तो आकडा बघून निर्धास्त होऊ नका.

शेवटचा प्रश्न, तार तुटून रस्त्यावर पडली तर? तीसुद्धा मेलेली समजायची नाही. जवळ असाल तर पावलं जोडून, पाय न उचलता घसटत लांब व्हा, लोकांना अडवा आणि १९१२ ला फोन लावा. काठीने बाजूला करायला जाऊ नका, आणि हो, बांबूनेही नाही.