इमानाचं वावर

(सकाळ. सोयाबीनचं रान, पलीकडे एकटं लिंबाचं झाड.)

या धुऱ्यापासून त्या लिंबापर्यंत सरळ चालत गेलात, तर तुम्ही एका धावपट्टीवरून चालत गेलात. सातबाऱ्यावर या रानाला गट नंबर आहे, पण गावात तो कुणी उच्चारत नाही. ‘इमानाचं वावर’, म्हणजे विमानाचं शेत, एवढं म्हणा, शाळेतलं पोरगंही तुम्हाला इथं आणून सोडेल.

परभणीच्या बाजूचं, गोदाकाठचं हे गाव. गावाचं आणि जुन्या मालकांचं नाव आपण घेणार नाही. त्यांच्या घरच्यांची तशी इच्छा आहे.

मालकांना विमानाचा नाद होता. पण काळ्या रानात विमान कसं उतरणार? ते पावसात फुगतं, बैलाचा पाय घोट्यापर्यंत आत ओढतं. उन्हाळ्यात त्याच रानाला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. म्हणून त्यांनी वरच्या अंगाचं बरड निवडलं. खाली मुरूम, वर वीतभर माती. आणि त्यावर वाढू दिली हरळी.

हरळी! कुणब्याचं अख्खं आयुष्य जिच्यावर खुरपं चालवण्यात जातं, ती इथं मुद्दाम जोपासली. कारणही तसंच होतं. हरळीचं मूळ माती घट्ट बांधून ठेवतं, चाकाखाली धूळ उठू देत नाही. गावातल्या बायांना इथं गोटे वेचायचा रोज मिळायचा, आणि ताकीद एकच, हरळीला हात लावायचा नाही. बैल जुंपून दगडी रूळ फिरायचा. दोन्ही कडांना चुना मारलेले दगड, टोकाला बांबूवर मांजरपाटाची पिशवी. पिशवी कुठं फुगली ते बघून वारा ओळखायचा.

विमान होतं ‘पुष्पक’. १९५८ साली बंगळूरला त्याचं पहिलं उड्डाण झालं. ते घडवणाऱ्यांचे प्रमुख होते डॉ. विष्णू माधव घाटगे, आपला मराठी माणूस. नव्वद अश्वशक्तीचं इंजिन, शेजारी शेजारी दोन माणसं, पंखांवर ताणलेलं कापड. पेरणीची घाई नसेल तेव्हा सगळं गाव धुऱ्यावर येऊन बसायचं.

मग ७२ चा दुष्काळ आला. हरळीसुद्धा करपली. उरलीसुरली जनावरांनी खाल्ली, आणि ती खाऊ दिली हे बरंच झालं. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, तिथं मिळणाऱ्या सुकडीवर जगली. पिशवी फाटली, ती पुन्हा कुणी शिवली नाही.

शेवटी धावपट्टी सिलिंगमध्ये, म्हणजे कमाल जमीनधारणेच्या कायद्यात गेली. हा कायदा १९६१ चा. १९७५ मध्ये त्याची मर्यादा खाली आली. कोरडवाहू असेल तर कुटुंबाला ५४ एकर, बारमाही पाण्याची असेल तर १८. त्यावरची जमीन सरकारजमा, आणि तिथून भूमिहीनांना. आपल्याकडे कोणती ठेवायची, हे निवडायची मुभा मालकाला होती. काळं राहिलं, बरड गेलं. मराठवाड्यात कितीतरी गावांत सिलिंगची जमीन म्हणजे असंच बरड, हे इथं सांगितलंच पाहिजे.

ज्यांनी गोटे वेचले, रूळ ओढणारे बैल हाकले, त्यांच्याच घरांना ही पट्टी तुकड्या-तुकड्यांनी मिळाली. सातबाऱ्यावर आजही ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलेलं आहे, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. पहिल्या साली नांगर लागेना. त्यांनीच रूळ फिरवून दाबलेली जमीन होती ती. टिकाव मारून मारून फोडली, आणि पहिलं पीक हुलग्याचं घेतलं.

रूळ आता मारुतीच्या पारापाशी आडवा पडलाय, संध्याकाळी म्हातारी माणसं त्यावर टेकतात. चुन्याचे दगड धुऱ्यात गेले. चुना कधीच उडालाय, पण एक उलटा केला तर खालच्या अंगाला अजून पांढरा डाग दिसतो.

(खुरपणी चालू आहे. कॅमेरा एका हातावर.)

या आजी लहानपणी इथं आईबरोबर गोटे वेचायला यायच्या. आता रान त्यांचं आहे. पाऊस झाला की सोयाबीनमध्ये पहिली हरळी उगवते ती याच पट्ट्यात, असं त्या सांगतात. त्यांनी मूठभर उपटून दाखवली. पांढरी मुळी, बोटा-बोटावर गाठ, ओढेल तितकी लांब येणारी. झटकून माती खाली पाडली, हरळी धुऱ्यावरच्या दगडांवर उन्हात टाकली, आणि पुढची ओळ धरली.